फिरायला गेलेला गवंडी

ती घटना आजही आठवते असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती मी कधी विसरलोच नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतली बरीच माणसं आता डोक्यातून गेली. एका गवंड्याचं प्रकरण मात्र राहिलं. का राहिलं ते शेवटी सांगतो, कारण ते सांगायला मला जड जातं.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका बाईला आणि तिच्या सासऱ्याला आत आणलं. पिंपळगाव रेणुकाईकडची माणसं. तिचा नवरा आखातात गवंडीकामाला गेला आणि पाचव्या महिन्यात परांचीवरून पडून मेला. प्रेत आलं, तेरावं झालं. आता तिच्या हातातल्या पिशवीत विम्याचा एक कागद होता. कमी शिकलेला मजूर परदेशी कामाला निघाला की त्याला सरकारची परवानगी लागते आणि विमाही काढावा लागतो. तिकडे त्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना तेवढाच आधार. ती तो कागद घेऊन विमा कंपनीत गेली, तर तिथल्या माणसानं सांगितलं, हा नंबर कुणाच्या तरी स्कूटरच्या विम्याचा आहे.

"साहेब, आमचे हे गेले ते गेले," बाई म्हणाली. "पन पोरगी चार वर्सांची हाय. तिच्या हक्काचं जे बराबर असंल, ते तरी मिळू द्या."

"कागद कुणी दिला?"

तिला माहीत नव्हतं. सगळं सासऱ्यानं जमवलं होतं. सासरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय ईचारू नका साहेब."

अज्ञात आरोपीवर गुन्हा दाखल केला. म्हाताऱ्याचा जबाब घ्यायला तीनदा बसलो, तिन्ही वेळा कोरा कागद राहिला. जबाब लिहिणारा रायटर म्हणाला, जरा दरडावू या. मी नको म्हटलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा तर तोंडच उघडत नव्हता. असा माणूस कशाला तरी भ्यालेला असतो, आणि पोटचा पोरगा गेलेल्याला आम्ही आणखी कसलं भय दाखवणार होतो?

आठवड्याभरानं राजूरचा एक झेरॉक्सवाला आपणहून ठाण्यात आला.

"साहेब, त्या स्कूटरच्या नंबराचे चार कागद आल्ते माझ्याकडं. नावं चार अन् नंबर एकच. मला वाटलं छापणाराची चूक असंल. मंग ही बातमी ऐकली अन् दुकान लावून सरळ इकडं आलो."

"कोण आणतो?"

"नाव न्हाई ठावं. चतुर्थीला येतो. संगं परदेशी जानारी मानसं अन् त्यांचे बाप असतेत. आधी गणपतीच्या देवळात जातेत, मंग माझ्याकडं."

पुढच्या चतुर्थीला साध्या वेशातले दोन पोलीस त्याच्या दुकानात बसवले. दुपारी त्यांनी त्या इसमाला आणलं. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला गंध, बोलणं साखरेसारखं. "साहेब, मी दर्शनाला येतो. देवाला येणं गुन्हा झाला का?" अंगझडतीत काही निघालं नाही. दोन तास विचारपूस केली. पिंपळगावच्या त्या म्हाताऱ्याचं विचारलं, तर म्हणाला, "त्या गावात माझी कुणाशी ओळखसुद्धा नाही." झेरॉक्सवाल्यानं कागद पाहिले होते, पण यानं ते कुणाला देताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारा बोलला नसता तर सोडून द्यावं लागलं असतं.

म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. तो दारात थबकला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. टोपी काढून त्या माणसापुढे हात जोडून उभा राहिला.

"शेट, शपथ सुटली म्हना. म्या अजून तुमचं नाव घेतलं न्हाई. पोरगा गेला, तरी घेतलं न्हाई. आता सुटली म्हना, म्हंजे मला बोलता यील."

आपल्याकडे शपथ घालणारानंच "सुटली" म्हणावं लागतं, तोवर ती मानेवर बसलेली असते. लहान पोरं खेळात म्हणतात, पण देवापुढे घेतलेली शपथ मोठी माणसंही मरेपर्यंत पाळतात.

शेटचा चेहरा उतरला. "म्हाताऱ्या, तुला बजावलं होतं ना!" तो ओरडला. ओळख नसलेल्या माणसाला!

मी त्याला म्हटलं, "आधी सुटली म्हण. बाकीचं मग बघू." तो पुटपुटला. म्हातारा खाली बसला आणि तासभर बोलत राहिला. विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललो असं सांगायचं, शेटचं नाव घ्यायचं नाही, आणि जो बोलेल त्याच्या घरातलं लेकरू जगणार नाही, अशी ती शपथ होती. तो नातीसाठी गप्प होता.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष शेटची खोली उघडली. शिक्के, कोरे कागद, पाच जणांचे पासपोर्ट मिळाले. त्याच्याकडे एजंट म्हणून परवाना नव्हताच. दोषारोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही लागली. माझं कौतुक झालं.

बाईला मात्र काहीच मिळालं नाही. इकडचा विमा खोटा होता. तिकडे कामावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना भरपाई मिळते, पण तिकडच्या दप्तरी हा मजूर नव्हता, फिरायच्या व्हिसावर आलेला पाहुणा होता. मी स्वतः दूतावासाला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. ते सांगायला मी तिच्या घरी गेलो.

"म्हंजे साहेब," ती म्हणाली, "ह्यांनी तिथं काम केलंच न्हाई का? सिमिटानं बोटं फुटलेली तशीच होती, आंघोळ घालताना पाह्यली म्या."

मी दूतावासाचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तीच पुढे म्हणाली, "तुमी सही केली त्या दिवशी घरी येऊन लई हसले. म्हणले, साहेबच म्हणले जा फिरून ये, आता कशाचं भेव."

पासपोर्टच्या पडताळणीला तिचा नवरा माझ्यासमोर उभा राहिला होता. कशाला पासपोर्ट, असं मी विचारलं, तर "फिरायला" म्हणाला. त्याची फुटलेली बोटं मला दिसली होती. गवंडी आखातात फिरायला जात नसतो, हे कळायला पोलीस असावं लागत नाही. पण पत्ता खरा होता, गुन्हा नव्हता, नियमात सगळं बसत होतं. मी हसून म्हटलं, "जा बाबा, फिरून ये," आणि सही ठोकली. मी केलेली थट्टा त्यानं सरकारचा शब्द समजून घरी नेली होती.

या केसनं मला एवढंच शिकवलं, की खुर्चीतल्या माणसानं थट्टा करताना समोरचा कोण आहे ते बघावं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पडताळणीला आलेल्या प्रत्येकाला मी बसवून घेतलं. कामाला चाललास तर कामाचाच व्हिसा घे, विमानात बसण्याआधी विम्याचा नंबर कंपनीत जाऊन दाखव, असं सांगत राहिलो. काही जण ऐकत, काही तोंडावर "फिरायलाच" म्हणत. तेव्हा मी म्हणायचो, हात दाखव.