पेढे वाटून झाल्यावर

मी आज जो काही आहे तो सगळ्यात जास्त माझ्या वडिलांमुळे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. निपाणीत त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीला सुट्टी फक्त अमावस्येला. पण मला घेऊन बेंगळुरूला निघायचं होतं त्या सकाळी त्यांनी भर गिऱ्हाइकाच्या वेळी शटर ओढलं, आणि स्टँडवर पोचेपर्यंत जो भेटेल त्याला सांगत राहिले, "पोरगं युनिव्हर्सिटीला चाललंय." आई रडली नाही. ती कंडक्टरला बजावत होती, "ह्याला गाडी लागते, पुढं बसवा." धाकटी अश्विनी तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. ती खिडकीखाली उभी राहून एकच विचारत होती, "दादा, सायकल आता माझी ना?" मी हो म्हणालो तशी ती बस सुटायची वाटही न बघता घराकडे पळाली.

त्या युनिव्हर्सिटीची गोष्ट अशी. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगसाठी सीईटी दिली होती. सरकारी कॉलेजातल्या जागा त्या गुणांवर मिळतात, पण त्यांचं वाटप उशिरा होतं. त्याआधीच एका खासगी विद्यापीठाची माणसं निपाणीत आली. मंगल कार्यालयात पडदा लावून त्यांनी आपल्या इमारती दाखवल्या, आलेल्या प्रत्येकाला एक पिशवी आणि पेन दिलं, मुलांची नावं लिहून घेतली. थोड्याच दिवसांत जाड, गुळगुळीत कागदावर पत्र आलं. अभिनंदन, आपली निवड झाली आहे.

आमच्या घरात तोवर कुणाची कशासाठी निवड झालेली नव्हती. आप्पांनी ते पत्र देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि बाजारातून पेढे आणले. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पिठाच्या डब्याबरोबर एक पेढा. नाव लिहून दिलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांना ते पत्र येतं, हे आम्हाला कोण सांगणार? शिकलेल्या घरात असं पत्र रद्दीत जातं. आमच्याकडे ते देवघरात गेलं.

आणि आप्पांना सरकारी काही नकोच होतं. माझे आजोबा गेले ते सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, कुणी नीट बघायच्या आत. तेव्हापासून आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "फुकट म्हंजे कुणाचं लक्ष न्हाई." पैसे भरून पोराकडे लक्ष देणारं कुणीतरी मिळत असेल तर ते भरायला तयार होते. पैशांची सोय कशी केली, ते त्यांनी आम्हाला विचारू दिलं नाही.

बेंगळुरूत आम्ही राजाजीनगरला आत्तीकडे उतरलो. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिच्या सासरची माणसं तीन पिढ्यांपासून इथली, चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान. तिचं बोलणं ऐकून मला पहिल्या दिवशी गंमत वाटली होती. मराठी बोलता बोलता ती मध्येच कानडी मिसळून "स्वल्प दम धर" म्हणायची आणि तिला ते कळायचंही नाही. आप्पांनी मोठ्या अभिमानानं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, परत घडी घातली.

"चौकशी केलीस?"

"कसली चौकशी? त्यांनी आपण होऊन निवडलंय."

"अय्यो देवा! नात्यातल्या पोरीला स्थळ आलं की चार घरं विचारत हिंडतोस. पोराच्या वेळी मात्र वाजतगाजत निघालास नेऊन द्यायला!"

"अक्का, पेढे वाटून झालेत."

"पेढे लोकांच्या पोटात गेले. पोरगं अजून माझ्या घरात बसलंय."

आमच्याकडे स्थळाची चौकशी त्या घरात बसून करत नाहीत. घरात सगळं गोडच ऐकू येतं. शेजारी, वाणी, दूधवाला यांना बाहेरून विचारायचं, आणि ठरेपर्यंत त्या घरी पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही. आत्तीनं हीच पद्धत कॉलेजांना लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या खासगी विद्यापीठात गेलो. दारातच एका मुलीनं आमच्यापुढे ट्रेमध्ये सरबत धरलं. आप्पा हात पुढे करणार तोच आत्तीनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी हात मागे घेऊन खिशातला रुमाल काढला. बॅटरीच्या छोट्या गाडीत बसवून आम्हाला सगळं दाखवलं. काचेचं ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, गार हवेचे वर्ग. मी भारावून गेलो होतो. खोटं कशाला सांगू, मला तिथंच राहावंसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर आत्ती थेट फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेली आणि तिथल्या पोरांत जाऊन उभी राहिली. कानडीत, हिंदीत, जमेल तसं विचारत राहिली. एक म्हणाला, बिल्डिंग सूपर आहे आंटी, पण सर लोक सारखे बदलतात, नाव पाठ होईपर्यंत नवे येतात. दुसरा म्हणाला, माझं मस्त चाललंय, मला आवडतं. तिसऱ्याला तिनं विचारलं, "वर्गात आला नाहीस तर काय होतं?" तो हसला. "मेसेज येतो आंटी. कॉम्प्युटर पाठवतो." आत्तीनं हे आप्पांना त्यांच्या कानाशी जाऊन परत सांगितलं. गिरणीच्या आवाजानं त्यांना तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं.

मग शहरातलं जुनं सरकारी कॉलेज. तिथं आम्हाला कुणी सरबत विचारलं नाही, की बसा म्हटलं नाही. ऑफिसच्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी होती. भिंतीचे पोपडे निघालेले. आप्पांचा चेहरा मला वाचता येत होता. त्यांना तो व्हरांडा आठवत होता. "चला," ते म्हणाले, "बघितलं."

तेवढ्यात जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला. एक उंच, टक्कल पडलेले प्राध्यापक एका मुलावर कानडीत ओरडत होते. त्यानं ड्रॉइंगचा कागद अर्धवट आणला होता. आप्पांनासुद्धा ऐकू जाईल असा आवाज होता तो. मुलगा खाली मान घालून उभा. ओरडून झाल्यावर सरांनी घड्याळ बघितलं, तिथंच पायरीवर बसले, मुलाला शेजारी बसवलं, आणि त्याच्याच पेन्सिलीनं तो कागद समजावून सांगायला लागले. शिपाई जेवायला बोलवायला आला तर त्याला हातानंच जा म्हणाले.

आप्पा जिन्याच्या कठड्याला धरून ते बघत राहिले. आत्तीनं दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत.

"काय म्हणत होता त्यो मास्तर?" त्यांनी खाली आल्यावर विचारलं.

"म्हणत होता, तुझ्या बापानं तुला इथं झोपा काढायला पाठवलंय काय?"

आप्पा फाटकापर्यंत चालत आले. मग मला म्हणाले, "पैसे न घेता एवढं वरडतोय म्हंजे लक्ष हाय." एवढंच. बसस्टॉपवर येईपर्यंत निर्णय झाला होता.

आज हे लिहिताना सोपं वाटतं. पण सरकारीतली माझी जागा अजून ठरलेली नव्हती. खासगीची मुदत तोवर उलटून जाणार होती. नंबर लागला नसता तर दोन्ही हातचं गेलं असतं. आणि त्याहून अवघड गोष्ट निपाणीत होती. अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले होते. मी आत्तीकडे थांबलो, आप्पा एकटे परत गेले. पुढचं मला आईनं सांगितलं. दळणाच्या रांगेत कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय आप्पा, युनिव्हर्सिटीनं परत पाठवलं व्हय?" आप्पांनी पट्टा चढवता चढवता उत्तर दिलं, "न्हाई, आम्हीच तिला नापास केली." लोक हसले. आई म्हणते, त्या दिवसांत ते जेवताना फार बोलायचे नाहीत. आपणच मिरवलेली गोष्ट चारचौघांत मागं घ्यायची, हे आमच्यासारख्या गावात किती जड असतं, ते गावाकडच्या वाचकांना सांगायला नको.

माझा नंबर लागला. पुढची वर्षं सगळी छान गेली असं मात्र मी म्हणणार नाही. हॉस्टेलात पाण्याची बोंब असायची. निकाल इतके उशिरा लागायचे की आम्ही पेपर विसरून जायचो. प्रयोगशाळेतलं एक यंत्र मी शिकून बाहेर पडेपर्यंत दुरुस्तच झालं नाही. मराठी शाळेतून आलेल्या मला पहिल्या सहामाहीत इंग्रजी पुस्तकातलं पान संपायला संध्याकाळ लागायची. पण वरच्या वर्गातली मुलं आपणहून शिकवायची, कारण त्यांनाही तसंच कुणीतरी शिकवलं होतं. आणि ते उंच सर माझ्यावरही यथेच्छ ओरडले.

आता मी एचएसआर लेआउटमध्ये एका कंपनीत काम करतो. माझ्या शेजारी बसणारा विनीत त्याच खासगी विद्यापीठातून शिकून आलाय, जिथलं सरबत आम्ही घेतलं नव्हतं. मीटिंगमध्ये तो माझ्यापेक्षा चांगला बोलतो. मी अपुऱ्या साधनांत काम भागवतो. त्याच्या कॉलेजची लॅब रविवारीही उघडी असायची, याचा मला हेवा वाटतो. त्याला माझ्या सीनिअर लोकांचा वाटतो. कुठलं चांगलं, असं मला गावाकडून कुणी फोनवर विचारलं की मला एका शब्दात सांगता येत नाही, आणि त्यांना वाटतं मी टाळतोय.

फ्लॅटवर पीठ अॅपवरून येतं. चहा होईस्तोवर दारात. आप्पा पहिल्यांदा राहायला आले तेव्हा चपातीचा तुकडा बोटांत चुरून बघत म्हणाले होते, "मेलेलं पीठ हाय." संध्याकाळी गिरणी थांबली की आमच्या घरात एकदम शांत व्हायचं आणि आप्पा पापण्यांवरचं पीठ झटकत आत यायचे. ती वेळ मला इथं कुठंच सापडत नाही. रविवारी मेट्रोनं राजाजीनगरला जातो. आत्ती आता थकली आहे, पण दारातच जेवणाचं विचारते, "ऊट झालं का?" निपाणीत मला बेंगळुरूचा म्हणतात, इथं बेळगावकडचा. माझ्या तोंडातही आता 'ठीक आहे'ऐवजी 'सरी' बसलंय.

आणि सायकल घेऊन पळालेली अश्विनी यंदा बारावी झाली. तिला वस्तूंचं डिझाइन शिकायचंय. गिरणीच्या तोंडाला तिनं पत्र्याचं असं झाकण बनवलं की आता आप्पांच्या डोळ्यांत पीठ उडत नाही. सरकारी संस्थेची परीक्षा तिनं दिली, जागा मोजक्याच होत्या, थोडक्यात हुकली. बेंगळुरूतल्या एका वेगळ्या खासगी विद्यापीठात तिला हवा तो कोर्स मिळतोय. आणि आप्पा अडून बसलेत. "दादा सरकारीत शिकला, तूबी सरकारीतच शिकायचं. नसंल ते डिझाइन तर दुसरं काय तरी घे." माझ्यावरून त्यांचं मत बदललं, आणि ते बदललेलं मत आता सिमेंटसारखं पक्कं झालंय. या महिनाअखेर तिनं होकार कळवला नाही तर जागा जाईल. ती फोनवर म्हणाली, "दादा, ते माझ्याशी बोलतच न्हाईत. तूच काय तरी कर."

फोनवर आप्पांना ऐकू येत नाही. आई शेजारी बसून ओरडून सांगते, मग सगळी गल्ली ऐकते. म्हणून महत्त्वाचं काही असलं की मी त्यांना कागदावर लिहितो. लिहायला बसलो तेव्हा जाणवलं, निपाणीत माझी खोली आता अश्विनीची आहे, कपाटात माझं काही नाही, तरी घर म्हटलं की मला तेच दिसतं. ठरलेली गोष्ट पुन्हा एकदा विचारात घेणारा माणूस तिथं राहतो, म्हणून असेल. त्या भरवशावर मी परवा हे पाठवलं.

*

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

अश्विनीचा फोन आला होता. तुम्ही रागावलाय ते कळलं.

मी तिच्या विद्यापीठाची चौकशी करून आलो. आत गेलो नाही, बाहेरच्या हॉटेलात पोरांना विचारलं. हॉस्टेलचं जेवण वाईट आहे. फी जास्त आहे, ती माझ्यावर सोडा. शिकवणारे बहुतेक जुने आहेत, टिकून आहेत. एक मॅडम फार कडक आहेत. मन लावून केलेलं मॉडेलसुद्धा मोडून पुन्हा नव्यानं करायला लावतात. पोरं त्यांना घाबरतात आणि त्यांचंच नाव सारखं घेतात.

मला सरकारीनं घडवलं हे खरं आहे. पण मी तिथं गेलो कारण तुम्ही जिन्यात थांबून स्वतः बघितलंत. अश्विनीसाठीही एकदा येऊन बघा. बघून नको म्हणालात तर मी तिची समजूत घालीन. न बघता म्हणू नका.

येण्याआधी एक करा. गिरणी थांबली की तिला समोर बसवा आणि तुला काय शिकायचंय ते विचारा. मोठ्यानं सांगायला सांगा, मध्ये बोलू नका. मला तेव्हा कुणी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. कॉलेज कुठलं एवढंच आपण सगळे बघत होतो. तिला सांगता येतं, आप्पा. आपल्या घरात ती पहिलीच.

तुमचा,
सुनील