पेटीतलं एक मत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, माझ्या दोन्ही लेकींनाही नाही. गोधडीत काय लपवायचं? काहीच नाही. पण गोधडीचं सांगायला गेलं की पुढचं तोंडावर येतं, म्हणून तीही गिळून बसलो.

थंडीचे दिवस होते. सुरतेत, नवागामच्या आमच्या गल्लीत खोलीपुढे उभे राहून आम्ही पिळत होतो. एक टोक शेवंताच्या हातात, एक माझ्या. शेवंता म्हणजे माझी बायको. तिनं एकीकडे पीळ द्यायचा, मी दुसरीकडे, पाणी खाली गटारीत. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "ते मत तुमनंच व्हतं. तुम्ही बोलतस नही, पन माले माहीत शे."

मी म्हणालो, "ओढ नीट, पाणी राहिलं त्यात."

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. ती हसली आणि पीळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

आता मताचं सांगतो. नीट सांगता येईल का, ठाऊक नाही — मी चौथी शिकलेला माणूस, आयुष्य पांडेसऱ्यात कापड रंगवण्यात गेलं.

प्लेगच्या साथीच्या साली सगळी सुरत पळाली होती. आमची गल्ली तर अख्खी रिकामी झाली — कुणी नंदुरबारला, कुणी धुळ्याला, मिळेल त्या गाडीनं. आम्ही राहिलो. शेवंता म्हणाली, गावी जाऊन कुणाच्या दारात मरायचं? मग तिनं खराटा घेतला. गटार उपसली. मेलेले उंदीर काठीनं ओढून नेऊन जाळले. महापालिकेच्या गाडीपुढे उभी राहिली आणि कचरा उचलायला लावला. लोक परतले तेव्हा गल्ली ओळखू येत नव्हती. बाया तिच्या पाया पडल्या — खरंच पडल्या, मी बघितलं.

पुढच्या साली महापालिकेची निवडणूक आली आणि बायांची राखीव जागा निघाली. बायाच म्हणाल्या, शेवंता, तू उभी राहा. गल्लीत नळ एक, तोही पहाटे थोडा वेळ. संडास पार टोकाला, तिथं दिवा नाही. तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा लावून उभी राहिली. निशाणी मिळाली कपबशी. शेजारची यशोदा तिला म्हणायची, "निवडून आली की कपबशीत चहा पाज हो, नुसती दाखवत फिरू नको!" शेवंता म्हणायची, "दूध तू आण, साखर तू आण, कपबशी माझी!" बाया हसून हसून लोळायच्या.

आणि मी? मी काय करत होतो?

कारखान्यात पोरं मला चिडवायची. "काय आप्पा, बाई जाणार मोटारीत, तुम्ही पोळ्या लाटायच्या ना?" "आप्पा, पिशवी धरायला शिका आतापासून!" मी पण हसायचो. हसता हसता आत काहीतरी आंबत होतं. ते काय होतं ते तेव्हाच कळलं होतं मला. कळलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही.

त्याच जागेवर आमच्या ठेकेदाराची वहिनी उभी होती. ठेकेदार आमच्याकडचाच, खान्देशी. गल्लीतले निम्मे लोक त्याच्या हाताखाली. त्यानं एका सुटीच्या दिवशी सगळ्या बाप्यांना आपल्या अंगणात बोलावलं. मधे पाट, पाटावर ताट, ताटात भंडारा. भंडारा म्हणजे खंडेरावाची हळद. आमच्यात ती मुठीत घेऊन शब्द दिला की फिरत नाही. फिरवला तर घरातलं माणूस जातं. असं आम्ही मानतो, आजही मानतो.

कुणी पुढे होईना. सगळे माझ्याकडे बघत होते. राजधर नाना, गल्लीतले सगळ्यांत मोठे, हळूच म्हणाले, "याची बाई उभी शे भो. आपण कसा उचलायचा?" मी तिथून उठलो असतो तर सगळे माझ्यामागे उठले असते. ते ताट तसंच राहिलं असतं.

ठेकेदारानं मला धमकी दिली नाही. पैसे दिले नाहीत. कामावरून काढीन म्हणाला नाही. लोकांना वाटेल, गरीब माणूस, पोटासाठी केलं असेल. नाही. पोटाचा काही संबंध नव्हता. मला ती निवडून यायला नको होती. एवढंच. माझी बायको माझ्यापेक्षा मोठी व्हायला नको होती.

मी पुढे झालो आणि पहिली मूठ मी उचलली. "माझं मत तुमच्या वहिनीला," म्हणालो. "माझ्या घरचं."

मग काय, एकामागून एक सगळ्यांनी उचलली. घरचं मत म्हणजे बाईचंही मत. बाप्यांनी घरी जाऊन बायांना सांगितलं, भंडारा झाला आहे, आता पोराबाळांच्या जिवावर उठू नका. त्या बाया दुसऱ्या दिवशीही नळावर शेवंताशी हसून बोलत होत्या. फक्त तिच्या डोळ्यांत बघत नव्हत्या. तिला काही कळलं नाही. यशोदानंही सांगितलं नाही. मी तर तिच्या ताटातलंच खात होतो.

मतदानाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून गेली. दहा दारं फिरून तिनं बायांना शिकवलं होतं — अंगठा नका लावू गं, कपबशीवर शिक्का मारा. आणि आत गेल्यावर स्वतःच घाबरली. नाव लिहिता येत नाही म्हणून साहेबानं आधी अंगठा घेतला होता, शाई ओली होती. आडोशाला गेल्यावर रेशनच्या दुकानात लावतो तसा तिनं कपबशीवर अंगठाच लावला. बाहेर येऊन मला सांगताना आधी हसली, मग रडली. "मनं मत वाया गयं हो. जाऊ द्या, गल्ली शे ना मनी."

मी तिला घेऊन घरी आलो. 

मोजणी एका शाळेत होती. उमेदवाराचा माणूस टेबलापाशी बसतो. तिच्या बाजूनं मीच बसलो. आमच्या गल्लीची पेटी उघडली. कागद पडत गेले, गठ्ठे होत गेले, सगळे ठेकेदाराच्या वहिनीचे. मग तो अंगठ्याचा कागद आला. मला लगेच ओळखू आला. तिच्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण होती, आडवी. शाईत तेवढी रेघ पांढरी उमटली होती. कारकून म्हणाला, "रद. वांधो छे?" — हरकत आहे का? मी म्हणालो, "ना."

आता कपबशीवर काही नाही, असं मी मनात म्हणालो. बरं वाटलं का मला? हो. वाटलं. तेही सांगून टाकतो.

आणि मग एक कागद निघाला. कपबशीवर शिक्का. बरोबर मधोमध, सरळ, कुठे फराटा नाही. घाई न करता, हात न थरथरता मारलेला. कारकुनानं तो एकटाच बाजूला ठेवला. पेटी संपेपर्यंत तो तसाच एकटा पडून होता. माझी नजर त्यावरून हटेना. कारण तो तिचा नव्हता. आणि माझा नव्हता.

बाकी पेट्यांत तिला ओळखत कोण होतं? आपटली. पण त्याचं तिला काही वाटलं नाही. मी परत आलो तेव्हा दुपार होती, वीज गेलेली, खात्यातले, म्हणजे कापडाच्या कारखान्यांतले, माग बंद. नवागाममध्ये ती खडखड थांबली की कानात गुंगी येते. सगळी दारं अर्धी लोटलेली आणि प्रत्येक फटीत एक डोळा. कुणी विचारलं नाही काय झालं. सगळ्यांना कळलं होतं. शेवंता उंबऱ्यावर बसली होती.

"गल्लीच्या पेटीत किती?" तिनं विचारलं.

"एक."

 तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन मला पाणी आणलं. तिचा हिशेब झाला होता. तिचं वाया गेलं. गल्ली फिरली. एक उरलं — ते नवऱ्याचं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी नव्या नवरीसारखी वागायला लागली. मी बाहेरून आलो की तांब्या तयार. लेकींना निरोप धाडला, तुमच्या बापानं एकट्यानं मला मत दिलं. आणि मी ते सगळं घेत गेलो. पाणी घेतलं, गरम भाकरी घेतली, तिच्या नजरेतलं ते घेतलं. रोज.

पण गल्ली बिघडली. भंडाऱ्याचा शब्द मोडला कोणी? आधी कुजबुज, मग प्रत्येक गोष्टीत तेच. राजधर नानांच्या मुलाचा हात मागात सापडला — नानांच्या दारावरून लोक बाजूनं जायला लागले. कुणाचं तान्हं तापलं, तर त्या घरावर नजर. जो तो आपल्या उंबऱ्याला हळद लावायला लागला. शेवटी सगळ्यांचं बोट माझ्याकडे वळलं. दुसरा कोण देणार? नवराच. मग माणसं मला घाबरायला लागली आणि मानायलाही लागली. यशोदा मला म्हणाली, "आप्पा, आमच्याकडून नाही झालं. तुम्ही केलं." मी मान खाली घातली. तिला वाटलं, मोठेपणा.

मी मात्र लोकांचे हात बघत सुटलो. नळावर, खात्यात, भाजीच्या हातगाडीवर. तो सरळ शिक्का मारणारा हात कोणता? कुणीतरी होतं. रोज मला राम राम घालत असेल, माझ्या ओट्यावर बसून बिडी मागत असेल. त्याला ठाऊक होतं की मत त्याचं आहे. त्याला हेही ठाऊक होतं की मी ते अंगावर घेऊन फिरतो आहे. मग बोललं का नाही? भीतीनं? की मी किती दिवस घेतो ते बघत होतं? गल्लीतून चालताना पाठीवर कुणाची तरी नजर असायची. वळून बघितलं की सगळे आपापल्या कामात. अजूनही असते.

आणि मग ती गोधडी. आणि ती सकाळ.

मी हाक मारली, ती हलली नाही. हात लावला तर गार. तोंडावर काही दुखल्याची खूण नाही. बाया जमल्या, रडू सुरू झालं आणि थोड्याच वेळात थांबलं. असं थांबलेलं मी कुठल्या मयताला बघितलं नव्हतं. बाप्ये दाराशी उभे. राजधर नाना आत आले, हातात ताट, ताटात भंडारा.

"सुकदेव," ते म्हणाले, "आम्ही तुला दोष देत नाही. तू बायकोसाठी केलं. पण देवानं घेतलं ते घेतलं. आता चूक कबूल कर, म्हणजे बाकीच्यांची घरं तरी राहतील."

मी भंडारा पाळला होता. मी देवाचं काही देणं लागत नव्हतो. मग ती का गेली? हे विचारायला तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते, त्या अंगणात बघत होते तसेच. आणि त्यांच्यातच ते एक माणूस होतं. तिथंच, दाराशी किंवा बायांत, माझ्यापासून हातभर. त्याला माहीत होतं मी काय बोलणार आहे आणि ते खोटं असणार आहे.

बाया बाजूला सरकल्या. मी गुडघ्यांवर बसलो. चिमूटभर हळद घेतली आणि शेवंताच्या कपाळाला लावली. मग जमिनीवर नाक घासलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो — "चूक झाली देवा. ते मत मी दिलं."

 आम्ही तिला उचललं.