मामाचा रिपोर्ट

माझा मामा पाणी तपासायचा. आयुष्यभर तेवढंच. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभा आणि समोर लेबलं लावलेल्या बाटल्यांची रांग. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण त्याला मुळीच मान्य नव्हती. तीन वेगवेगळे नमुने तपासल्याशिवाय तो आकडा लिहायचा नाही. त्याच्या आकड्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही. फक्त तो आकडा लोकांना कळला पाहिजे, असं काही त्याला वाटत नसे.

रिपोर्टवर सही केली की त्याने हात झटकले. कुणी अर्थ विचारला तर म्हणायचा, "लिहिलंय ना? वाचता येतं ना?" एकदा एक वार्ताहर सोप्या भाषेत चार ओळी मागायला आला होता. "सोपं करायला गेलं की चूक होते," असं म्हणून मामाने त्याला दारातूनच वाटेला लावलं. हे तो फुशारकीने सांगायचा आणि आम्ही भाचरं मूर्खासारखी हसायचो.

आमच्या वसाहतीला बोअरचं पाणी. माझी लेक दोन महिन्यांची होती. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून तिला डब्यातल्या पावडरचं दूध सुरू केलं. त्याच आठवड्यात जिन्याखालच्या फलकावर पाण्याचा रिपोर्ट लागला. खाली मामाची सही. मला कोण अभिमान! 'नायट्रेट १३५, मर्यादा ४५.' पुढे एक अक्षर नाही.

शेजारीण म्हणाली, "पाणी खराब दिसतंय. बाळाचं चांगलं उकळून घेत जा हं."

मामाला फोन करावा, असं मनात आलं होतं. हातात फोन घेतलाही. पण 'वाचता येतं ना?' हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी पाणी उकळलं. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग पातेलं अर्धं होईपर्यंत. जास्त उकळलं की जास्त शुद्ध, एवढी माझी अक्कल.

नवव्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळसर-राखाडी दिसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. त्यांनी सगळे उपाय केले, पण उशीर झाला होता. संध्याकाळी माझी लेक गेली.

पंधरा दिवसांनी मामा वसाहतीच्या बैठकीला आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अंगात कोट नव्हता, हातात कागद नव्हता.

"हे पाणी तान्ह्या बाळाला द्यायचं नाही," तो म्हणाला. "उकळूनही नाही. मिठाचं पाणी आटवलं तर ते आणखी खारट होतं की नाही? तसंच आहे हे. पाणी वाफ होऊन जातं, विष मात्र मागे राहतं. बाळासाठी दुसरीकडून पाणी आणा."

कुणीच काही विचारलं नाही. पुढच्या खुर्चीवरच्या आजींनीसुद्धा मान हलवली. सगळ्यांना सगळं कळलं होतं. एक मिनिटही लागलं नव्हतं.

मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. "मामा, एवढंच सांगायचं होतं?"

"एवढंच होतं गं," तो म्हणाला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं नाही. आता मामाही नाही, आणि तेही मला डाचत राहतं.