चोवीसचं ॲवरेज

आप्पांनी सगळी नोकरी बसच्या स्टेअरिंगवर काढली. डिझेल वाचवल्याबद्दल डेपोनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, पिरनवाडीच्या बाजूला, ओळखीच्या एकाच्या जीपमध्ये. शेजारी पाना घेऊन बसायचे. मी ब्रेक दाबला की गुडघ्यावर पाना.

“ब्रेक मारलास म्हंजे मघाशी ॲक्सिलेटर उगंच दाबलास. लांबचं बघून चालवावं, रं!”

महिनाभर गुडघा काळानिळा होता. आई तेल चोळायची, आप्पा शांतपणे जेवायचे.

गेल्या वर्षी मी क्रूझ कंट्रोल असलेली गाडी घेतली. निपाणीला आत्तीच्या नातवाचं बारसं होतं. सकाळी अनगोळहून आम्ही दोघंच निघालो. काकती मागं पडल्यावर मी ऐंशीचा वेग लावला आणि पाय काढून घेतला.

आप्पा हसले. “पाय न लावता गाडी पळती, तर ड्रायव्हर कशाला पायजे?”

मला झोंबलं. “तुम्हाला कधी मिळालं नाही असं ॲवरेज आज काढून दाखवतो,” मी म्हणालो.

हत्तरगीच्या पुढं ते म्हणाले, “जरा बाजूला घे.”

त्यांना लघवी धरवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण समोर ॲवरेजचा चोवीसचा आकडा दिसत होता. थांबून पुन्हा वेग घ्यायचा म्हणजे तो खाली येणार.

“संकेश्वरला थांबू.”

संकेश्वर आलं, गेलं. आप्पांनी दारावरची मूठ धरली होती.

“थांब की, पोरा.”

“लांबचं बघून निघायचं होतं, आप्पा. घरातच जाऊन यायचं.”

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. थोड्या वेळानं वास आला. मी बघितलं. धोतर भिजलं होतं, सीटही. मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण त्या क्षणी बरं वाटलं होतं. मी वेग कमी केला नाही.

तवंदीच्या अलीकडं चढ लागला. इंजिन गुरगुरायला लागलं आणि आकडा भराभर उतरू लागला.

“चढाला ते बंद कर,” आप्पा खिडकीबाहेर बघतच म्हणाले. “ऐंशी धरून ठेवायला इंजन तेल पितंय. पायानं चालव. स्पीड पडला तर पडू दे.”

मी बंद केलं. आकडा उतरायचा थांबला.

निपाणीत आत्ती, आप्पांची धाकटी बहीण, दारातच उभी होती. गाडीचं दार उघडून म्हणाली, “उतर की, अण्णा.” आप्पा हलले नाहीत. मांडवातली माणसं बघत होती.

“आत्ती, एक धोतर आणा,” मी मोठ्यानं म्हणालो. “आप्पांची गाडीतच झाली.”

तिनं माझ्याकडं वळून विचारलं, “आणि तू थांबवली न्हाईस?”

“ते बोललेच नाहीत.”

ती आप्पांकडं बघत राहिली. आप्पा मान खाली घालून म्हणाले, “व्हय. मीच बोललो न्हाय.”

परत येताना त्यांनी माझ्या गाडीत पाय ठेवला नाही. भाच्याला सांगून स्टँडवर गेले आणि बेळगावची बस धरली. मी रिकाम्या गाडीतनं, काचा उघड्या टाकून आलो. आठवड्यानं सीटचं कव्हर बदललं.

दिवाळीत आप्पा आत्तीकडं निघाले तेव्हा मी एकदा विचारलं, “सोडू का, आप्पा?”

“नको. सांगितलं की बसवाला थांबवतोय,” म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.