रुबिडियमचे अणू आणि आईची खुर्ची

ताई गेली तेव्हा मी नेहरू नगरच्या माझ्या क्लासमध्ये फळ्यावर आरशांची सूत्रं लिहीत होतो. बायकोचा फोन आला. "घरी या," एवढंच म्हणाली... खडू हातात तसाच होता. मुलांना सूत्रं घोकायला लावतो म्हणून ताई मला फार चिडवायची. आता कोण चिडवणार?

माझी ही थोरली बहीण अणूंवर संशोधन करायची. दूर दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत तिची हयात गेली. दुखणं हाताबाहेर गेलं तशी ती लॅपटॉप घेऊन भिलाईला आमच्याकडे आली. आईने पलंगाशेजारी खुर्ची मांडली, ती मांडलीच. पाणी देऊ का, उशी देऊ का, दुखून राहिलं का... दिवसभर तेच. विद्यार्थ्यांनी पाठवलेले आलेख बघायलाही ताईला उसंत मिळेना. लेक जाणार हे आईला कळलं होतं आणि तिला एक क्षणही सोडायचा नव्हता. ताईला मात्र उरलेले दिवस नुसती रुग्ण म्हणून काढायचे नव्हते.

एका सकाळी ती म्हणाली, "आई, मी काय काम करते, सांगू?"

"सांग. पन मले समजंन असं."

काचेच्या बंद कुपीत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ. तिचे अणू गिरक्या घेतात, लेसरच्या उजेडाने त्यांना एका दिशेला वळवायचं. "पन चुंबक चालू केला का त्याइच्या दोन रांगा उलट्या दिशेनं फिरतात, आपल्या गणपतीतल्या लेझीमसारख्या. एकमेकाले धडकले का या रांगेतला त्या रांगेत जाते, अन् सगळा ताल बिघडते."

"मंग चुंबक कावून लावता?"

"तो तं पाहिजेच. पन सतत नाई. एक छोटा, जोराचा झटका द्याचा. दोन्ही रांगा पूर्ण गिरकी घेऊन जागेवर येतात. मंग बंद. त्या शांततेत धडकले तरी बिघडत नाई. ताल लय वेळ टिकते."

आईने खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाली, "म्हंजे मी उठून जाऊ, असंच ना?"

"येत जा ना वं. घट्ट धर मले, अन् जा."

"शिकली तं आईलेच शिकवाले लागली पोट्टी!" आई दारात उभ्या असलेल्या माझ्यावर खेकसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती पदराला हात पुसत यायची, ताईला कवेत घ्यायची आणि मागे न बघता बाहेर पडायची. ओट्याशी उभी राहून रडायची, हे मी पाहिलंय. तिकडे ताई विद्यार्थ्यांना फोनवर झापत असायची, अगदी पहिल्यासारखी. त्या दिवसांत आमचं घर सुखी होतं, हे मी न लाजता सांगतो.

शेवटच्या दिवसाचं आईने मला नंतर सांगितलं. नेहमीसारखं तिने ताईला जवळ घेतलं आणि उठायला लागली. ताईने तिचा पदर धरला.

"आज नको जाऊ."

"अन् तुये ते अणू?"

"राहू दे त्याइले. तू बस."

आई बसली. दुपारी ताई तिच्या मांडीवरच गेली...

याला आता महिना होऊन गेला. आई अजून त्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि लवकर बाहेर येत नाही. बाहेर तिचा चहा थंड होतो. आम्ही कुणी तिला हाक मारत नाही.