क्वाडकॉप्टरवाले भावोजी

आमच्या भावोजींसमोर कुणी ‘ड्रोन’ म्हटलं की त्यांचा चेहरा कडू बदाम चावल्यासारखा व्हायचा. “ड्रोन नाय, क्वाडकॉप्टर म्हणा,” असं ते बजावायचे आणि समोरचा ते नीट म्हणेपर्यंत पुढे बोलायचे नाहीत. माझ्या आईची जीभ त्या शब्दाला कधी वळली नाही. तरी जावयाचं मन राखायला ती बिचारी प्रयत्न करायची, आणि भावोजी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. साठी उलटलेल्या सासूची ओट्यावर तोंडी परीक्षा घेणारा हा माणूस स्वतः दहावीला इंग्रजीत आपटला होता, हे ताईनंच मला सांगितलेलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते. हल्ली कंपनीनं त्यांना गुजरातेत पाठवलंय, त्यामुळे आमच्या गावचं आकाश मोकळं आहे. मी त्यांना अजून अहो-जाहो करतो ते त्यांच्यासाठी नाही, ताईसाठी. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान शांत करता येतात.

बाजारात तयार मिळणारं यंत्र आणून उडवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. “रेडीमेड कोण पन उडवील. बांधतो तो खरा पायलट,” हे त्यांचं ब्रीद. म्हणून चार हात, चार मोटरी, वायरींची भेंडोळी, रिमोट असं सगळं कुरिअरनं सुटं सुटं येत राहिलं आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर पसरत गेलं. घरातली माणसं जमिनीवर जेवायला लागली. मी पेणहून गाडी पकडून रोह्याला गेलो की ताई दारातच हळू आवाजात सांगायची, “टेबलाला हात लावू नको रे, ओरडतात.” टेबलाच्या मधोमध सोल्डरिंगचा काळा डाग पडला होता. त्यावर तिनं फुलदाणी ठेवली होती. लग्नात आम्हीच दिलेलं टेबल होतं ते.

यंत्र तयार झालं तेव्हा पहिलं उड्डाण सासुरवाडीच्या अंगणात करायचं ठरलं, कारण रोह्यात बघायला कुणी आलं नसतं. आईनं त्या दिवशी पोह्यांचे पापड लाटून खाटेवर वाळत घातले होते. “काढून ठेवू का?” असं तिनं विचारलं. “नाय हो, सरळ वर जानार,” भावोजी म्हणाले. आता अशा यंत्राच्या चार पंख्यांपैकी दोन एका दिशेनं फिरतात आणि दोन उलट्या. पंखेही तसे वेगवेगळे येतात, आणि कुठला कुठे बसवायचा हे डब्यावर चित्रासकट छापलेलं असतं. भावोजींनी डबा वाचला नव्हता. यंत्र वर गेलंच नाही. जागच्या जागी कोलांटी खाऊन ते खाटेवर उपडं पडलं आणि पापडांचा भुगा चारी दिशांना उधळला. शेजारची काकू कुडाआडून बघत होती. ती आईला म्हणाली, “गो, एवढं कुटायचंच होतं तर उखळ दिलं असतं की.”

भावोजींनी तळहात वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला. वाऱ्याचा पत्ता नव्हता. दोरीवरची धोतरंसुद्धा हलत नव्हती. “वारा हाय वरती,” ते म्हणाले, “आनि थोडा सेटिंगचा विषय हाय.” नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत वाचली होती, घडताना त्या दिवशी पाहिली.

‘सेटिंगचा विषय हाय’ हे त्यांचं सर्व रोगांवरचं औषध होतं. रोह्याला नदीकाठी घारीनं झडप घालून यंत्राचा पंखा मोडला, तोही सेटिंगचा विषय. गावच्या क्रिकेट सामन्याचं शूटिंग करायला गेले आणि सबंध सामनाभर स्वतःचंच टक्कल टिपून आले, तोही. यंत्रातल्या होकायंत्राला दिशा समजाव्यात म्हणून ते हातात धरून स्वतःभोवती गिरक्या घ्याव्या लागतात. त्या भावोजी न चुकता घ्यायचे ते पत्र्याच्या मांडवाखाली, लोखंडी खांबाला खेटून. मग यंत्र भलतीकडे जायचं. आम्ही सगळे ओट्यावर बसून जावयाचं प्रदक्षिणा घालणं बघायचो आणि हसू दाबताना पोटात कळ यायची. खरं सांगतो, तोवर मला त्यांचा राग येत नव्हता. करमणूक होत होती.

राग पुढे आला. त्यासाठी आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला चिकटलेलं. शेतांच्या मधून एक आतला बांध जातो. तो बुटका आहे, त्याला जागोजागी मोऱ्या आहेत, आणि तो फक्त माणसांच्या नि गुरांच्या ये-जा करण्यापुरता. त्याच्या बऱ्याच पलीकडे, तिवरांच्या रांगेआड, खाडीच्या तोंडावर मोठा बांध आहे. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. भरती थोपवतो तो हाच. त्याला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी शेतात शिरतं आणि उभं पीक तर जातंच, पुढची कैक वर्षं त्या मातीत भात धरत नाही. म्हणून पीक उभं असताना प्रत्येक उधाणाच्या आधी, ओहोटीच्या वेळी, घरटी एक माणूस अनवाणी बाहेरकाठा चालून येतो. खेकड्यांची बिळं, ओल आलेल्या जागा पायाला लागतात, तिथे लगेच चिखल आणि पेंढा ठासायचा. फार कंटाळवाणं, चिखलाचं, काट्यांचं काम. पण तोवर ते कुणी चुकवल्याचं मला आठवत नाही.

गणपती होऊन गेले होते. लोंब्या भरत आल्या होत्या, चार दिवस चांगली उघडीप होती आणि पौर्णिमेचं उधाण तोंडावर होतं. भावोजी ताईला घेऊन आले होते. मारुतीच्या देवळापुढे माणसं काठा चालायला जमली तेव्हा हेही नवे पांढरे बूट घालून तिथे गेले आणि म्हणाले, “कशाला चिखल तुडवताय? मी वरनं बघतो ना. चहा उकळेपर्यंत आख्खा काठा दाखवतो तुमाला.”

आमच्या शेजारचे धर्माकाका, ज्यांची होडी होती, त्यांनी विचारलं, “आनि नाय दिसलं तर?”

“सेटिंग केलंय मी सगळं,” भावोजी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. जावई त्यांचा, तेव्हा नाही म्हणायचं तर त्यांनीच. माझे वडील कुणाला भिणारे नव्हते. तलाठ्याला तोंडावर खोटा म्हणालेला माणूस तो. पण आमच्याकडे चारचौघांत जावयाचा शब्द मोडणं म्हणजे लेकीला तोंडघशी पाडणं, आणि ताई तिथेच पाराशी उभी होती. वडिलांनी एकदा तिच्याकडे बघितलं. “बघूया की,” ते म्हणाले. तरुण पोरांना बरंच वाटलं, चिखल वाचला. माणसं पांगली.

बांधाची खाडीकडची बाजू बघायची म्हणून भावोजींनी यंत्र होडीतून उडवायचं ठरवलं. मी आणि धर्माकाका बरोबर होतो. नांगर टाकलेला होता तिथून यंत्र छान वर गेलं. कधी नव्हे ते इतकं छान गेलं की भावोजींना चेव चढला. “नांगर काढा, माझ्या मागं मागं घ्या होडी,” त्यांनी हुकूम सोडला. ओहोटी चालू होतीच. होडी पाण्याबरोबर खाली सरकत गेली, पार वळणापर्यंत. भावोजी रिमोटवर लावलेल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मी वाकून पाहिलं तर पडद्यावर बांध एका कोपऱ्यात, आणि मधोमध मावळतीचं आभाळ. “भावोजी, काठा दाखवा ना,” मी म्हटलं. “दाखवतो रे, लाइट काय भारी हाय बघ,” ते म्हणाले.

मग बॅटरी उतरली. अशा यंत्राची एक सोय असते. बॅटरी संपत आली की जिथून उडालं ती जागा ते आपलं घर समजतं आणि कुणी न सांगता तिकडे परततं. आमचं यंत्र आमच्या डोक्यावरून, आम्हाला मागे टाकून, शांतपणे परत निघालं. भावोजी उभे राहून ओरडायला लागले, “अरे इकडं, इकडं!” होडी डुचमळली. यंत्र पहिल्या जागी गेलं, तिथे आता नुसतं पाणी होतं. ते तिथल्या तिथे स्थिर झालं, हळूहळू, अगदी शहाण्यासारखं खाली उतरलं आणि खाडीत बुडालं. त्या यंत्राची कणभर चूक नव्हती.

धर्माकाकांनी वल्हं पाण्यात घातलं. मग म्हणाले, “जावयबापू, व्हडी सरकते व्हय वो. पानी सरकतं तशी.”

खाडीकाठच्या पोराला चालता येण्याआधी जे समजतं ते ह्या माणसाला समजलं नव्हतं, आणि हाही रोह्याच्या कुंडलिका नदीकाठीच वाढलेला. पण त्याहून वाईट पुढे झालं. जावयाची वस्तू हरवली म्हणून सगळा गाव ती शोधायला खाडीत उतरला. माझे वडील कमरेएवढ्या चिखलात उभे राहून हातानं तळ चाचपत होते. उरलेली ओहोटी त्यात गेली. अंधार पडला, भरती लागली आणि सगळे हात हलवत वर आले. बाहेरकाठ्यावर त्या दिवशी एकाचंही पाऊल पडलं नाही.

सकाळी उठलो तर भात पाण्यात उभं होतं. वडील बांधावरून खाली वाकले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. रात्रीच्या भरतीनं बाहेरकाठ्याला बैलगाडी जाईल एवढी खांड पाडली होती. गाव माती, पेंढा, गोणी घेऊन धावला. भावोजींची दुपारची शिफ्ट होती, ते ताईला घेऊन सकाळच्याच गाडीनं रोह्याला गेले. जाताना मला म्हणाले, “वाईट झालं रे. उधाणच जास्त होतं ह्या वेळी.” वाऱ्यानंतर आता उधाण. मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ताईला पुन्हा माहेरी येता आलं नसतं. तो व्हिडिओ त्यांच्या मोबाईलमध्ये अजून असेल. त्यात सूर्यास्त फार सुंदर आलाय.

खांड बुजली, पण शेत गेलं. लोंब्या जागेवर पांढऱ्या पडून वाळल्या. दिवाळीला जावई-लेक आले. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, सगळं रीतीप्रमाणे. आमच्या घरात पहिल्यांदा दुकानातल्या तांदळाचा भात शिजला होता. भावोजींनी वरण कालवून दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “भात येगळा लागतो हो आज. आपला नाय वाटतं?”

आई वाढता वाढता थांबली. मला वाटलं, आता आपणच बोलायचं. पण ताई बोलली. माहेरी, सगळ्यांसमोर, नवऱ्याला ती कधी वर मान करून बोललेली नव्हती.

“आपला भात तुमी बुडवलात,” ती म्हणाली. “गप जेवा.”

वडील घाईनं म्हणाले, “असू दे गो. जावयबापू, पोटभर जेवा.” त्यांच्या त्या आर्जवानं मला जास्त लागलं. ज्यानं घास काढून घेतला त्यालाच आग्रह चालला होता.

भावोजी जेवले. सेटिंगचा विषय निघाला नाही. ताटातलं शीतही न टाकता ते उठले, हात धुतले, चपला दारात तशाच ठेवून अनवाणी बाहेर पडले. बराच वेळ परतले नाहीत. चहाची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, “बघून ये रे, जावई कुठं गेले.”

ते शेतात होते. भर उन्हात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बांधावरून एकेक पाऊल दाबत चालले होते. मधेच वाकायचे, एखाद्या बिळात बोट घालून बघायचे, बाजूची माती खरवडून त्यात ठासायचे. टोकापर्यंत जाऊन ते परत फिरले होते, पाय काट्यांनी फाटले होते. मला बघून म्हणाले, “इथनंच फुटला ना? बुजवलाय चांगला. समजत पन नाय.”

ते आतल्या बांधावर होते. होडीतून पाहिलेला बांध त्यांना जमिनीवरून ओळखता आला नव्हता. पाणी अडवणं ज्याचं काम नाही, जो कधी फुटला नाही, तो बांध ते सबंध दुपार चाचपत होते.

त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर जे काही बोललो ते सगळं मला तिथे म्हणता आलं असतं. “व्हय, इथनंच,” मी म्हटलं, “चला, चहा निवतोय.” त्यांना मी आजवर खरं सांगितलेलं नाही.