शेजारी बाहेर येत नाय

माझा खेळ अर्धवट आहे हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. कॉम्प्युटरवरचे खेळ असे अर्धवटच विकायला ठेवायची एक रीत आहे, तिला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. लोक खेळतात, कुठे अडलं ते कळवतात आणि आपण दुरुस्त करत पुढे जायचं. खेळाच्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलंही होतं, खेळ अपुरा आहे, धीर धरा. पण धीर मलाच नाही, तर खेळणाऱ्यांना कुठून असणार?

खेळ भातशेतीचा होता. किन्हवलीच्या आमच्या घरात खिडकीशी बसून मी तो एकटीने केला होता. आधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन तयार करायची, मग रोपं वाढली की उपटून मुठी बांधायच्या, चिखल करायचा आणि आवणी करायची, म्हणजे ती रोपं खाचरात लावायची. ठाण्यातली नोकरी सोडून मी हा पसारा मांडला होता. जुन्या ऑफिसने गणपतीपर्यंत माझी जागा धरून ठेवली होती. तोवर खेळाने जीव धरला नाही तर मुकाट्याने परत जायचं, असं मी आईला सांगितलं होतं आणि स्वतःलाही बजावलं होतं.

आणि खेळ आवणीतच रुतून बसला होता. तीन खाचरं, दिवस मोजके. रोपं जून व्हायच्या आत कुणाचीच लावून होत नव्हती, त्यामुळे कापणीपर्यंत एकही माणूस पोहोचला नव्हता. रोज तक्रारी. कुणाला ट्रॅक्टर हवा होता, कुणाला मोठा दिवस हवा होता, एकजण तर भातात ड्रॅगन कधी येणार म्हणून विचारत होता. मी चिडून एकेकाला उत्तर द्यायचे की शेती अशीच असते, कंबर मोडते. यांना चिखल नको, नुसता भात हवा, असं मला मनापासून वाटायचं.

इंग्रजी-हिंदीच्या त्या गर्दीत एकाची तक्रार मराठीत होती. ‘शेजारी बाहेर येत नाय.’ एवढंच. तीन वेळा पाठवलेली. खेळात बांधाच्या पलीकडे मी एक घर काढलं होतं, छपरावर धूर, पुढे पाणी भरलेलं खाचर. ते फक्त शोभेला होतं, रान मोकळं दिसू नये म्हणून. मी तसं लिहून टाकलं की ते घर म्हणजे नुसतं चित्र आहे, तिथे कुणी राहत नाही. त्यावर त्याचा प्रश्न आला, ‘मग आवणी कशी करायची?’ मला तो टोमणा वाटला. मी लॅपटॉप आपटूनच बंद केला.

दुपारी आई शेजारच्यांच्या शेतावरून आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. त्या दिवशी त्यांची पाळी होती, परवा ते सगळे आमच्याकडे येणार होते. आमच्याकडे आवणी अशी सावडीनेच होते. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. मी तिला चहा दिला आणि माझं रडगाणं सुरू केलं. त्या माणसाने पाठवलेला व्हिडिओही दाखवला. त्याचा छोटा शेतकरी आपलं शेत तसंच सोडून बांधावरून चालत जातो, त्या घराच्या दाराशी उभा राहतो. दिवस मावळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच. बघ, याला काम करायला नको, मी म्हटलं.

आईने पदराला हात पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, “बोलवाया गेलाय गो तो.”

मी व्हिडिओ थांबवला.

“तू त्याला एकट्यालाच लावलास आवणीला? आमी कधी एकट्यांनी केली काय?”

मला इतकी लाज वाटली की चहाचा कप उचलून मी आत गेले. लहानपणापासून ओळीने वाकलेल्या आठ-दहा बायका बघत आले. सावडीच्या दिवशी त्यांच्या भाकऱ्या भाजायचं काम माझंच. आणि खेळात मी एका माणसाला तीन खाचरांत सोडून दिलं होतं. खिडकीशी एकटी बसून बसून सगळी कामं एकट्यानेच होतात असं माझ्या डोक्यात बसलं होतं बहुतेक.

मी त्या तक्रारवाल्याची माफी मागितली आणि गाव विचारलं. तो मुरबाडकडचा निघाला, नोकरीसाठी लांब राहणारा. त्याने लिहिलं, ‘मला वाटलं घर हाय म्हंजे माणसं असतील.’

गणपतीच्या आत शेजाऱ्यांचं दार उघडेल, असं मी सगळ्यांसमोर लिहून बसले आणि मग खरी तारांबळ उडाली. हाक मारली की शेजारी येतात एवढं कसंबसं जमलं. आपण त्यांच्याकडे परत जायचं, ते राहिलं. शेजारी आपल्या खाचरात वाकलेले दिसत आणि तिथे रोपही लावता येई, पण त्याची नोंद खेळ ठेवत नव्हता. गणपतीला चार दिवस उरले असताना मी जे झालं ते खेळणाऱ्यांना देऊन टाकलं आणि अपुऱ्या कामांच्या यादीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सावड फेडायचा भाग अजून केलेला नाही. शेजाऱ्यांकडे न गेलात तरी खेळात काही बिघडत नाही.’ आता शिव्या बसणार म्हणून दिवसभर पान उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. ड्रॅगनवाला होताच. पण बऱ्याच जणांची तिन्ही खाचरं लावून झाली होती, आणि मुरबाडवाल्याने एक चित्र पाठवलं होतं. त्याचं शेत हिरवंगार, पण त्यात तो नव्हता. तो बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या खाचरात, त्यांच्या माणसांबरोबर ओळीत वाकलेला होता. त्याचे त्याला गुण मिळणार नव्हते, काहीच मिळणार नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘माझी झाली. आता त्यांची करून घेतो, मग कापणीचं बघू.’ दोघांनी इंग्रजीत त्याला विचारलं होतं की तिकडे काय करतोस. त्याने समजावून सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांचीही चित्रं आली, आपापल्या खेळात शेजाऱ्याच्या खाचरात उतरलेली.

आईला दाखवलं तर ती म्हणाली, ओळ जरा वाकडी लागलेय. पण बराच वेळ बघत बसली.

मग मी ती यादी उघडली आणि ‘न गेलात तरी खेळात काही बिघडत नाही’ हे वाक्य खोडलं. आणि ठाण्याला फोन लावला, माझी जागा धरून ठेवू नका म्हणून.